पाटातला गाळ काढणारा पोरगा लॉस एंजेलिसचा भगीरथ झाला, अन् त्याच्याच धरणामुळं कॅलिफोर्नियात इंजिनियरला लायसन्स सक्तीचं झालं

हॉलिवूडच्या डोंगरमाथ्यावरून एक वळणावळणाचा रस्ता जातो. नाव मलहॉलंड ड्राइव्ह. डेव्हिड लिंचचा २००१ साली आलेला याच नावाचा पिक्चर तुम्ही पाहिला असेल. (कळला का, ते विचारत नाही.) रात्री या रस्त्याच्या कडेला गाडी लावायची आणि खाली पसरलेला लॉस एंजेलिसचा लखलखाट बघायचा, हा तिथला जुना कार्यक्रम.

आता गंमत बघा. या शहरात वर्षाला सरासरी १५ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसालाही कमी वाटेल एवढा. तरी तिथं आज ३८ लाखांच्या आसपास लोक राहतात, बागा फुलवतात, पोहायचे तलाव भरतात.

त्या शहराला पाणी आणून दिलं विल्यम मलहॉलंड नावाच्या माणसानं. रस्त्याला नाव आहे ते त्याचंच. हा गडी इंजिनियरिंग कॉलेजची पायरी कधी चढला नाही, परीक्षा दिली नाही, लायसन्स काढलं नाही. त्याच्या उमेदीच्या काळात कॅलिफोर्नियात सिव्हिल इंजिनियरला लायसन्स लागायचंच नाही.

आज लागतं. अमेरिकेत एमएस करून सिव्हिलमध्ये नोकरी धरलेली आपली मराठी पोरं ऑफिसातून आल्यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ज्या पीई परीक्षेचा अभ्यास करत बसतात, ती याच लायसन्सची परीक्षा. आणि कॅलिफोर्नियात हा कायदा ज्या दुर्घटनेनंतर आला, ती दुर्घटना होती मलहॉलंडनं बांधलेल्या धरणाची.

म्हणून हा माणूस आधी नीट समजून घेऊ.

विल्यमचा जन्म ११ सप्टेंबर १८५५ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. पुढं कुटुंब डब्लिनला आलं. वडील टपाल खात्यात गार्ड. विल्यम ७ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. शाळेत काही याचं मन रमेना, आणि १५ च्या आसपास वय असताना पोरगं घरातून निघालं ते थेट मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढलं. पुढची काही वर्षं अटलांटिक महासागराच्या फेऱ्या. १८७४ मध्ये न्यूयॉर्कला उतरला आणि तिथंच राहिला. कधी सरोवरातल्या बोटीवर, कधी मिशिगनच्या जंगलात लाकूडतोडीवर, कधी पिट्सबर्गला काकाच्या कापडदुकानात, मिळेल ते काम.

मग कॅलिफोर्नियाचं वेड लागलं. खिशात पैसे नाहीत. तो आणि त्याचा भाऊ ह्यू पनामाकडं जाणाऱ्या जहाजात लपून बसले, सापडले, आणि पनामाला उतरवले गेले. पनामा कालवा तेव्हा व्हायचा होता. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून दोघं भाऊ जवळपास ७५ किलोमीटरचा तो जंगली पट्टा पायी तुडवत पलीकडच्या समुद्राला लागले आणि तिथून पुढं कॅलिफोर्नियाला पोचले.

१८७७ मध्ये विल्यम लॉस एंजेलिसला आला. शहर कसलं, धुळीनं भरलेलं खेडं होतं ते. १८८० च्या जनगणनेत लोकसंख्या ११,१८३. पाणी यायचं लॉस एंजेलिस नावाच्या लहानशा नदीवरून काढलेल्या स्पॅनिश काळातल्या मातीच्या पाटांतून. या पाटांची राखण करणाऱ्याला स्पॅनिशमध्ये सान्हेरो म्हणत. आपल्याकडं कॅनॉलवर पाटकरी असतो ना, तोच. गाळ काढायचा, गवत उपटायचं, मेलेली जनावरं बाहेर ओढायची, पाणी कोण चोरतंय ते बघायचं. १८७८ मध्ये विल्यमला हीच नोकरी लागली. पाटाच्या कडेला एक खोपटं, तेच घर.

दिवसभर फावडं चालवून झालं की रात्री हा पठ्ठ्या पुस्तकं उघडायचा. भूमिती, पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र, भूगर्भशास्त्र आणि जोडीला शेक्सपियर. आधी विहिरी खोदायच्या कामावर असताना जमिनीच्या पोटात खूप खोल त्याला जुन्या झाडाचे अवशेष दिसले होते. ते तिथं गेले कसे, या एका प्रश्नानं त्याला भूगर्भाचा नाद लावला असं तो पुढं सांगायचा.

त्याच्या बढतीचा एक किस्सा लॉस एंजेलिसमध्ये अजून सांगतात. पाणीपुरवठा कंपनीचा अध्यक्ष एकदा बग्गीतून चालला होता. पाटात गाळ उपसणाऱ्या या तरुणाला त्यानं नाव-गाव विचारलं. विल्यमनं वर न बघता काहीतरी खरमरीत सुनावलं, की मला काम आहे, मध्ये येऊ नका. नंतर कळलं की साहेब कोण होते. नोकरी गेलीच असं समजून हा हिशेब घ्यायला ऑफिसात गेला, तर तिथं त्याला मुकादम केलं. किस्सा थोडा फुलवलेला असेलही, पण पुढचं कागदोपत्री आहे. १८८६ मध्ये, वयाच्या तिशीत, तो कंपनीचा सुपरिटेंडंट झाला.

१९०२ मध्ये शहरानं ती खासगी कंपनी २० लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हा लक्षात आलं की कुठल्या गल्लीत किती इंचाचा पाइप आहे, व्हॉल्व्ह कुठं आहे, ही सगळी माहिती कागदावर कमी आणि मलहॉलंडच्या डोक्यात जास्त आहे. त्याला तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, त्यानं धडाधड सांगितलं, काही ठिकाणी खोदून बघितलं तर बरोबर निघालं. मग काय, पाइपलाइनबरोबर शहरानं माणूसही घेतला.

इथं जरा थांबायला हवं. लोक या गोष्टीचं कौतुकच करतात, आणि ते रास्तही आहे. पण सगळी माहिती एकाच्या डोक्यात असण्याची किंमत काय असते, हे तेव्हा कुणाला दिसलं नाही.

शहर फुगत होतं. १९०० मध्ये लोकसंख्या लाखावर गेली. नदी पुरेना. मलहॉलंडचा जुना साहेब आणि शहराचा माजी महापौर फ्रेड ईटन १९०४ मध्ये त्याला खेचरांच्या गाडीत घालून उत्तरेला ओवेन्स खोऱ्यात घेऊन गेला. सिएरा नेवाडाच्या बर्फाचं पाणी तिथल्या नदीला. उंची शहरापेक्षा जास्त. म्हणजे एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर पाणी शहरात आणता येईल. अंतर तेवढं अवघड होतं, मध्ये वाळवंट आणि डोंगर.

ईटननं खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क खरेदी करायला सुरुवात केली. हे सगळं लॉस एंजेलिससाठी चाललंय याचा पत्ता शेतकऱ्यांना उशिरा लागला. खोऱ्यातल्या लोकांनी हे कधीच माफ केलं नाही. १९७४ चा चायनाटाऊन हा पिक्चर याच पाणीकांडावर बेतलेला आहे, फक्त त्यातला काळ, नावं आणि खून कल्पनेतले.

१९०७ मध्ये शहरानं २ कोटी ३० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झालं. २३३ मैल, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग. बोगदे, कालवे, डोंगर उतरून चढणारे पोलादी नळ. सिमेंटसाठी शहरानं स्वतःचा कारखाना काढला. नवे कोरे ट्रॅक्टर वाळवंटात बंद पडायला लागले तेव्हा पुन्हा खेचरं आणली, ५२ खेचरांचा एक ताफा एकेक अजस्र नळ ओढत न्यायचा. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फर्नांडो खोऱ्यात हजारो लोकांसमोर दारं उघडली आणि पाणी उतारावरून धावत आलं. मलहॉलंडचं त्या दिवशीचं मुख्य भाषण इंग्रजीत जेमतेम पाच शब्दांचं होतं. पाणी दाखवलं आणि घ्या म्हणाला. काम मुदतीत आणि ठरलेल्या पैशात झालं होतं. सरकारी कामात हे दोन्ही एकदम होणं तेव्हाही बातमीच होती.

पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. त्याला महापौर करा अशी हवा निघाली तेव्हा त्यानं साळिंदराला उलटं जन्माला घालणं परवडलं, पण ते पद नको, असल्या अर्थाचं काहीतरी सांगून विषय मिटवला. एका खटल्यात वकिलानं त्याची शैक्षणिक पात्रता विचारली, तर लहानपणी आयर्लंडमध्ये लिहा-वाचायला आणि दहा आज्ञांपैकी बऱ्याचशा शिकलो, वडिलांचा आशीर्वाद घेतला आणि इथं आलो, असं त्यानं सांगितल्याचं म्हणतात. कोर्टात हशा पिकला असणार. पात्रता विचारणं हाच तेव्हा विनोद होता.

पण त्याच काळात, तिथून लांब वायोमिंग राज्यात एका माणसाला हा विनोद अजिबात सुचत नव्हता. क्लॅरेन्स जॉन्स्टन हा तिथला राज्याचा मुख्य इंजिनियर. नदीचं पाणी वापरायचं तर राज्याकडं अर्ज करायचा, सोबत नकाशा जोडायचा, असा नियम होता. जॉन्स्टनच्या टेबलावर येणारे नकाशे वकील, नोटरी असल्या मंडळींनी काढलेले असायचे. पाटाचा उतार चुकलेला, हद्दी चुकलेल्या. आणि याच कागदांवर पाण्याचे हक्क ठरायचे. त्यानं मागं लागून १९०७ मध्ये कायदा करवून घेतला, की हे काम फक्त नोंदणी झालेल्या इंजिनियरनं किंवा सर्व्हेयरनं करायचं. इंजिनियरच्या लायसन्सचा अमेरिकेतला हा पहिला कायदा, आणि तोही पाण्याच्या परमिटच्या भानगडीतून जन्मलेला.

कॅलिफोर्नियानं मात्र तो धडा तेव्हा घेतला नाही.

जलमार्ग झाला तरी मलहॉलंडची झोप उडालेलीच होती. लॉस एंजेलिसची लोकसंख्या १९२० मध्ये पावणेसहा लाखांवर गेली. ओवेन्स खोऱ्यातले शेतकरी पेटले होते, १९२४ मध्ये त्यांनी जलमार्गच डायनामाइटनं उडवला, पुढंही उडवत राहिले. शिवाय हा जलमार्ग सॅन अँड्रियास या मोठ्या भूकंपरेषेला ओलांडून येतो. उद्या भूकंप झाला किंवा कुणी सुरुंग लावला तर शहर दोन दिवसांत तहानेनं व्याकूळ. वरच्या बाजूला लाँग व्हॅलीत मोठं धरण बांधता आलं असतं, पण ती जमीन जुना दोस्त ईटन याच्याकडं, आणि तो १० लाख डॉलर मागत होता. मलहॉलंडनं नकार दिला. दोस्ती तिथंच संपली.

मग साठा शहराच्या जवळ करायचा ठरला. सॅन फ्रान्सिस्किटो नावाच्या घळीत, शहरापासून ६५ किलोमीटरच्या आसपास, सेंट फ्रान्सिस धरण. १९२४ मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये संपलं. काँक्रीटचं, थोडं कमानदार, स्वतःच्या वजनावर उभं राहणारं धरण. आराखडा जवळजवळ हॉलिवूडच्या डोंगरातल्या आधीच्या धरणाचाच उचललेला.

काम चालू असतानाच जास्त पाणी साठवायचं म्हणून उंची १० फुटांनी वाढवली. मग आणखी १० फुटांनी. बुडाची रुंदी मात्र तेवढीच ठेवली. ज्यांनी कधी विटांचा ढीग रचलाय त्यांना यातली जोखीम सांगायला नको.

शेवटी उंची २०० फुटांच्या घरात आणि साठा १.६६ टीएमसी. आपल्या खडकवासल्यात मावतं त्यापेक्षा थोडंसंच कमी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं काम होतं तर परवानगी कुणी दिली? इथंच खरी गोम आहे. कॅलिफोर्नियात धरणांवर देखरेखीचा कायदा १९१७ पासून होता. राज्याच्या इंजिनियरची मंजुरी लागायची. पण त्यात एक पळवाट होती. ज्या नगरपालिकेकडं स्वतःचा इंजिनियरिंग विभाग आहे, तिला सूट. लॉस एंजेलिसकडं विभाग होता, आणि त्या विभागाचा प्रमुख होता मलहॉलंड. म्हणजे आराखडा त्याच्याच माणसांचा, मंजुरी त्याची, बांधकाम त्याचं आणि तपासणीही त्याचीच. बाहेरच्या एकाही तज्ज्ञानं अधिकारानं तो नकाशा उघडून, बुडाची रुंदी वाढवल्याशिवाय सही करणार नाही, असं सांगण्याची सोयच नव्हती. उंची बदलली तरी नवा अर्ज करायची गरज नव्हती. अर्ज घेणारंच कुणी नव्हतं.

धरण भरायला लागलं तसे तडे दिसायला लागले. काँक्रीट सुकताना असे तडे जातात म्हणून ते बुजवले. कडेनं पाणी झिरपायचं, तर धरणं थोडी झिरपतातच, असं उत्तर. मार्च १९२८ च्या सुरुवातीला तलाव काठोकाठ भरला.

१२ मार्च १९२८ ची सकाळ. धरणाचा रखवालदार टोनी हार्निशफेगर याला पश्चिमेच्या बाजूला एक नवी गळती दिसली, आणि पाणी गढूळ होतं. गढूळ पाण्याचा अर्थ धरणावर काम केलेल्या कुठल्याही माणसाला कळतो. पाण्याबरोबर आतली माती यायला लागलीय. त्यानं फोन केला. मलहॉलंड आणि त्याचा सहकारी हार्वी व्हॅन नॉर्मन तातडीनं आले. दोन तास बघितलं. गळतीच्या तोंडाशी पाणी स्वच्छ होतं, खाली नव्या रस्त्याच्या भुसभुशीत मातीत मिसळून ते गढूळ होत होतं, असा निष्कर्ष निघाला. धरणाला धोका नाही असं सांगून दोघं शहरात परतले.

ज्यानं बांधलं त्यानंच तपासलं होतं.

बारा तास उलटले नाहीत. रात्री ११ वाजून ५७ मिनिटांनी धरण फुटलं.

सुरुवातीची लाट १४० फुटांच्या आसपास उंच होती असा अंदाज आहे. हार्निशफेगर आणि त्याचा लहान मुलगा पहिल्या बळींमध्ये. खालच्या वीजघराची वस्ती झोपेत वाहून गेली. पुढं एका वीज कंपनीच्या कामगारांचा तंबूंचा तळ होता, दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली ८४ गेली. मग सँटा क्लारा नदीचं खोरं, संत्र्या-लिंबांच्या बागा, तिथं राबणारी मेक्सिकन मजुरांची कुटुंबं. सँटा पॉला गावात टेलिफोन ऑपरेटर बायका जागा न सोडता घराघरात फोन लावत राहिल्या, आणि मोटारसायकलवरचे पोलीस दारं ठोठावत फिरले, म्हणून तिथले शेकडो लोक वाचले. पहाटे साडेपाचच्या सुमारास, ५४ मैल वाहून ते पाणी चिखल, झाडं, घरं आणि माणसं घेऊन व्हेंचुराजवळ समुद्राला मिळालं.

पुण्याच्या माणसाला यातलं फार काही समजावून सांगावं लागणार नाही. पानशेत आठवणारी घरं तिथं अजून आहेत.

मृतांचा आकडा आज किमान ४३१ धरतात. नोंद नसलेले मजूर किती होते, ते आता कळणार नाही. मृतदेह सापडणं १९५० च्या दशकापर्यंत चालू होतं.

चौकशी समित्या बसल्या. गव्हर्नरच्या समितीनं काही दिवसांतच अहवाल दिला, की पायाचा खडकच नालायक होता. पश्चिमेच्या टेकडीतला खडक कोरडा असताना टणक, पण पाण्याच्या ग्लासात टाकला तर तासाभरात सुटून वाळू-चिखल होणारा. पूर्वेकडचा थरावर थर असलेला, घसरणारा. पुढं १९९० च्या दशकात डेव्हिड रॉजर्स या भूअभियंत्यानं दाखवलं, की पूर्वेची बाजू मुळात एका प्राचीन दरडीवर टेकलेली होती, आणि बहुधा तिथूनच सुरुवात झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे बुडाखाली शिरणारं पाणी. वजनावर उभं असलेलं धरण हे पाणी खालून उचलतं, म्हणजे धरण आहे त्यापेक्षा हलकं होतं. त्यासाठी बुडाखाली निचऱ्याची भोकं ठेवायची असतात. सेंट फ्रान्सिसला ती फक्त मधल्या भागात होती. आणि फुटल्यावर दोन्ही बाजू वाहून गेल्या, मधला तुकडा मात्र एखाद्या थडग्याच्या दगडासारखा उभा राहिला. लोक त्याला तेच म्हणायला लागले. पुढं तो बघायला चढलेला एक तरुण पडून मेला, तेव्हा शहरानं १९२९ मध्ये तोही पाडून टाकला.

मलहॉलंडला दोष द्यावा का, यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे. तो दरडीचा धोका त्या काळच्या ज्ञानात दिसणं कठीण होतं, असं काही म्हणतात. डोनाल्ड जॅक्सन आणि नॉरिस हंडली या इतिहासकारांनी मात्र दाखवून दिलं, की खालच्या पाण्याच्या दाबाचा धोका १९२० च्या आधीच जाणत्या इंजिनियरांना ठाऊक होता, इतर धरणांवर उपाय केलेले होते, इथं ते केले नाहीत. मला दुसरी बाजू जास्त पटते. खडकाच्या पोटातलं नाही दिसलं, समजू शकतो. उंची २० फूट वाढवून बूड तेवढंच ठेवणं, हे दिसण्या-न दिसण्याचं प्रकरण नाही.

कॉरोनरच्या चौकशीत ७२ वर्षांचा मलहॉलंड थकलेल्या चेहऱ्यानं उभा राहिला. हाताखालच्या माणसांवर त्यानं काही ढकललं नाही. चूक माणसाची असेल तर तो माणूस मी, दुसऱ्या कुणाला बोल लावू नका, असं त्यानं साक्षीत सांगितलं. मेलेल्यांचा हेवा वाटतो, असंही त्याच्या तोंडून निघून गेलं. एवढं स्वच्छ कबूल करणारा मुख्य इंजिनियर मिळणं कधीही अवघडच, हे त्याच्या खात्यावर मांडायलाच हवं.

ज्युरीनं फौजदारी गुन्हा धरला नाही. पण एक शेरा मारला, आणि पुढचा सगळा बदल त्या शेऱ्यातून आला. माणूस कितीही मोठा असो, एवढ्या धरणाचं बांधकाम आणि देखरेख त्याच्या एकट्याच्या निर्णयावर सोडू नये, स्वतंत्र तज्ज्ञांनी ते तपासलंच पाहिजे, असा त्याचा आशय.

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं दोन कामं केली. पहिलं, नगरपालिकांची सूट काढून टाकली. २५ फुटांहून उंच किंवा ५० एकर-फुटांहून जास्त पाणी साठवणारं, केंद्र सरकारचं सोडून, कुठलंही धरण राज्याच्या तपासणीखाली आलं. आराखडा, बांधकाम, पुढची देखभाल, सगळं. दुसरं, सिव्हिल इंजिनियरांच्या नोंदणीचं मंडळ काढलं. यापुढं सिव्हिल इंजिनियरचं काम करायचं तर पात्रता सिद्ध करून नाव नोंदवायचं.

चार वर्षांनी, १० मार्च १९३३ ला लाँग बीचचा भूकंप झाला आणि विटांच्या शाळा पत्त्यासारख्या कोसळल्या. शाळा सुटलेली होती म्हणून पोरं वाचली. त्या वर्षी रायली कायदा आला. प्रत्येक शहरानं आणि काउंटीनं बांधकाम तपासणीचा विभाग ठेवायचा, भूकंपाचा जोर धरून घरं बांधायची. स्थानिक परमिटचं खातं असं प्रत्येक गावात पोचलं.

आज तिथली पद्धत साधारण अशी. मान्यताप्राप्त डिग्री घ्यायची. आधी एफई ही पायाची परीक्षा. मग लायसन्सधारक इंजिनियरच्या हाताखाली अनुभव, बहुतेक राज्यांत ४ वर्षं, आणि मग पीई. भारतातली डिग्री असेल तर तिचं मूल्यमापन वेगळं करून घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना आणखी दोन पेपर, एक भूकंपाचा आणि एक सर्व्हेचा. लायसन्स राज्यापुरतं. टेक्सासचा इंजिनियर नुसत्या त्याच जोरावर कॅलिफोर्नियातल्या पुलाच्या नकाशावर सही करू शकत नाही, त्याला इथलंही काढावं लागतं.

आणि लायसन्स मिळालं म्हणजे काम सुटलं असं नाही. इंजिनियर आपला शिक्का, सही आणि नंबर नकाशावर मारतो. ते कागद शहराच्या बांधकाम विभागात जातात. तिथला तपासनीस लाल पेनानं शेरे मारून परत पाठवतो. दुरुस्त करा, पुन्हा द्या. परमिट मिळाल्यावर पाया भरायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन लोखंड बघणार, त्याची सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. मध्येच उंची वाढवायची लहर आली, तर सुधारित नकाशा घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर. तिथं काम करणारे आपले मित्र या खिडकीच्या नावानं बोटं मोडतात. शेरे कधीकधी खरंच फालतू असतात, आठवडे जातात, मालक डोक्यावर बसलेला असतो. पण नकाशा ज्यानं काढला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी तो वाचावा, एवढीच त्यामागची मूळ गोष्ट आहे, आणि १९२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्किटोच्या घळीत नेमकी तीच झाली नव्हती.

मलहॉलंडनं काही महिन्यांत पद सोडलं. माणसांत मिसळणं कमी झालं. घरी बसून राहायचा, कमी बोलायचा. २२ जुलै १९३५ ला, ७९ व्या वर्षी तो वारला. पार्थिव सिटी हॉलमध्ये ठेवलं, हजारो लोक येऊन गेले. पाणी त्यानंच आणलं होतं, ते काही शहर विसरलं नव्हतं.

हॉलिवूडच्या डोंगरातलं ते आधीचं धरण, ज्याचा आराखडा सेंट फ्रान्सिससाठी उचलला होता, ते अजून उभं आहे. त्याचं नावच मलहॉलंड धरण. १९२८ नंतर त्याच्या खाली राहणाऱ्या लोकांचा धीर सुटला. मग त्यातली पाण्याची पातळी कमी ठेवली आणि १९३० च्या दशकात शहराकडच्या बाजूनं काँक्रीटवर मातीचा प्रचंड भराव टाकून झाडं लावली. आज माथ्यावर लोक जॉगिंग करतात, हॉलिवूडच्या पाटीबरोबर सेल्फी काढतात. खालच्या रस्त्यावरून वर बघितलं तर ती हिरवी टेकडीच वाटते, धरण म्हणून सहसा ओळखू येत नाही.